उपाशी फ्लास्क

कॉलेजच्या रसायन विभागात मामा बावीस वर्षं काच धुतायत. त्यांना शिपाई म्हणा, हरकाम्या म्हणा, ते मनावर घेणार नाहीत. पण त्यांनी धुतलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब चिकटलेला दाखवा, गड्याला दिवसभर अन्न गोड लागणार नाही. स्वच्छ काचेवरून पाणी सलग उतरतं, थेंब अडला म्हणजे कुठेतरी तेलकट राहिलंय, असं त्यांचं ठाम मत. घरात बायकोने पेले त्यांच्यापासून वरच्या फळीवर लपवून ठेवलेत. "प्यायचंच पाणी आहे, प्रयोग नाही करायचा," असं ती दर आठवड्याला ऐकवते.

शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही दुसऱ्या खेपेला.

तीन वर्षांपूर्वी पोरांनी रसायन मंडळ काढलं. शाळेतल्या मुलांना रंग बदलणारी द्रावणं दाखवायची, रंगाचा कारखाना बघून यायचं, भिंतीवर पत्रक लावायचं. मंडळातल्या एकाला सुट्टीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, तर तो घरी फोन करायच्या आधी मामांना सांगायला धावत आला. मंडळाची अध्यक्ष म्हणजे एक वारा प्यायलेली पोरगी. मामा तिला घाईबाई म्हणायचे. तीच एकदा म्हणाली, "मामा, शनिवारी तासभर आम्हाला काच शिकवा ना."

मामांना वाटलं, थट्टा चाललीय. पण शनिवारी अकरा पोरं बाह्या सरसावून हजर. मग काय, मामांनी हातचं राखलं नाही. बेसिनपाशी उभं राहून बावीस वर्षं जे कानावर पडलं ते सगळं ओतलं. "ब्युरेटला पाजायचं, फ्लास्कला उपाशी ठेवायचं." म्हणजे खुणांची ती लांब नळी, तिच्यात जे भरायचं त्यानेच आधी विसळायची. फ्लास्कला, म्हणजे नळीखाली ठेवायच्या काचेच्या चंबूला, मात्र नुसतं पाणी. त्यात द्रावणाचा अंश आधीच राहिला, की मोजमापाचे तीनतेरा. आणि दुसरं, "चुकलेला आकडा गिरवून काळा करायचा नाही. एक रेघ मारा, शेजारी कारण लिहा. लाजायचं कशाला?"

यंदा विभागप्रमुख मॅडमनी फर्मान काढलं. कॉलेजांच्या स्पर्धेत पहिल्या तिनांत आलात तर मंडळ राहील, नाहीतर बंद. मामांनी मनात हिशेब मांडला. मंडळ गेलं की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की ते पुन्हा नुसते काच धुणारे. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

स्पर्धा त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली. मामांना सक्त ताकीद होती, मागतील ते द्यायचं, तोंड उघडायचं नाही. मंडळातर्फे घाईबाई तिसऱ्या टेबलाशी, मामांपासून चार हातांवर. तिने ब्युरेट विसळली, झकास. मग फ्लास्क उचलला आणि त्याच झोकात त्यालाही त्यात मोजून घालायच्या द्रावणानेच विसळून काढलं.

मामांच्या हातातला ब्रश थांबला. एकदा खाकरलं असतं तरी पोरगी समजली असती. इतकं सोपं होतं. पण खाकरून मिळवलेला नंबर पोरीचा नसता. मामांनी पाठ फिरवली आणि धुतलेलीच नळी परत धुवायला घेतली.

ब्युरेटवर पहिला आकडा आला दहा पूर्णांक नऊ. दुसरा अकरा पूर्णांक दोन. दोन्ही जुळायला हवे होते, म्हणून तिसऱ्या वेळी ती थांबली. घाईबाई थांबली म्हणजे बघा. फ्लास्ककडे बघत राहिली, मग परीक्षकांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा, एक फ्लास्क द्या. उपाशी."

मामांनी पाण्याने विसळलेला फ्लास्क दिला. त्यानंतरचे दोन्ही आकडे आले दहा पूर्णांक तीन.

मंडळ दुसरं आलं. परीक्षकांनी तिची वही सगळ्यांना दाखवली. आधीच्या दोन आकड्यांवर एकेक रेघ, शेजारी लिहिलेलं, 'फ्लास्क द्रावणाने विसळला. चूक माझी.' पहिल्या आलेल्या कॉलेजच्या वहीत म्हणे एकही खोडाखोड नव्हती, पण मामांना विचाराल तर त्या वहीचं पोरीच्या वहीपुढे काही चालत नाही. मामांची छाती इतकी फुगली की एप्रनचं बटण तुटायचंच बाकी होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "चालू राहू दे मंडळ."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मामा रोजच्यासारखे फळा पुसायला गेले. बावीस वर्षांत त्यांनी कुणाचं अक्षर दुसऱ्या दिवसावर ठेवलं नव्हतं. फळ्यावर स्पर्धेच्या सूचना होत्या, वेळा होत्या, आणि खाली कोपऱ्यात घाईबाईच्या तिरक्या अक्षरात एक ओळ होती: 'शनिवार, अकरा वाजता, काचेचा तास. शिक्षक: मामा.'

मामांनी वरचं सगळं पुसलं. त्या ओळीपाशी आल्यावर डस्टर खाली ठेवलं, डोळे बाहीला पुसले आणि दिवे बंद केले.