हुंकार तुटतो तेव्हा

दुपारचे चार वाजलेले असतात, आल्याचा तिखट गंध स्वयंपाकघरभर दरवळत असतो, कानाला टेकलेली फोनची काच हळूहळू कोमट होत असते आणि पलीकडून ताईचा संथ, अडखळता स्वर येत असतो. मग एकाएकी काहीच नाही. ना खरखर, ना टूं टूं, ना कुणी फोन ठेवल्याचा खटका. जुने काळे फोन तुटले तरी तुटल्याचं सांगून तुटत. या नव्या, गुळगुळीत यंत्राला तेवढीही रीतभात नाही. मागे उरते ती शांतता, आणि त्या शांततेत आपलाच श्वास आपल्याला परका वाटू लागतो. तुम्ही ऐकली आहे का कधी अशी शांतता? प्रार्थनेतली शांतता भरलेली असते, भर दुपारी निजलेल्या घरातली शांतता सुखाची असते. पण वाक्याच्या मध्यावर येणारी ही शांतता एखाद्या पायरी नसलेल्या जिन्यासारखी असते, पाय टाकला की काळजात धस्स होतं. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ताई म्हणाली, "मला ना... एका गोष्टीची... फार भीती..." आणि ती शांतता आली.

मंदाताई माझी थोरली बहीण. ती श्रीरामपूरला मुलगा आशिष आणि सून रूपाली यांच्याजवळ असते. मी इथे सावेडीत एकटी; जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आता झाडांना पाणी घालते आणि काळजी करते. काळजी हा माझा स्वभावच आहे मेला. दारात वाळत घातलेला टॉवेल उडाला तरी मला वाटतं काहीतरी अशुभ घडणार. ताई माझ्या अगदी उलट. बोलायला बसली की तिला दूध उतू गेल्याचंही भान नसे. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी दार लोटून ती मला गोष्टी सांगायची आणि तिची एकच अट असायची: मी हुंकार द्यायचा. "हं म्हण, नाहीतर गोष्ट बंद." मी पेंगत असले तरी हं म्हणायची. तो हुंकार थांबला की राजपुत्र जंगलातच अडकून पडायचा आणि ताई कूस बदलून झोपून जायची.

अशा त्या ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला तसाच राहू लागला आणि जिभेवर जणू दगड आला. पुष्कळ दिवसांनी एकेक शब्द परतू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं ठेवा. बोलणं हेच आता औषध. बोलणं सुटलं तर जीभ पुन्हा आखडेल." आशिष आणि रूपाली दिवसभर कामावर, बोलणार कुणाशी? म्हणून मीच हौसेनं तिला नवा फोन घेऊन दिला. हलका, मोठ्या अक्षरांचा, एका हातात मावणारा. रोज चार वाजता ती मला फोन करायची. एक वाक्य पुरं करायला तिला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझा चहा निवून जाई. पण काय सांगू, तो गार चहा मला अमृतासारखा लागायचा, कारण ताई परत येत होती, शब्दाशब्दानं.

आणि मग फोन तुटायला लागले. सुरुवातीला मी मोबाईलच्या मनोऱ्याला दोष दिला, मग ढगांना, मग सरकारला. त्या भीतीच्या दुपारी मात्र मी लगेच उलट फोन लावला, पुन्हा लावला, आणि दर वेळी ती ध्वनिमुद्रित बाई शांतपणे सांगत राहिली की ताई संपर्काच्या बाहेर आहे. संपर्काच्या बाहेर! किती थंड शब्द. माझ्या डोळ्यांसमोर न्हाणीघरातली ओली फरशी आली, उपडी पडलेली वॉकिंग स्टिक आली, काय काय आलं. संध्याकाळी आशिषनं फोन उचलला तेव्हा म्हणाला, "मावशी, आई बरी आहे गं, पडून राहिलीय." दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, काल काय सांगत होतीस, कसली भीती? ती म्हणाली, "काही नाही. झालं." आणि त्यानंतर चारचा फोन आलाच नाही. मी केला तर ती उचलायची, दोन शब्द बोलायची, ठेवून द्यायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनानं त्या दिवसांत जे जे चिंतलं ते तुम्हाला सांगवत नाही.

याच सुमारास त्या फोनवरून गदारोळ उठला. आमच्यासारखे तक्रार करणारे गावोगाव निघाले आणि उमगलं ते असं, की फोनच्या डाव्या अंगाला खालच्या कोपऱ्यात त्याचं लहरी पकडणारं अंग, म्हणजे अँटेना, बसवलेलं आहे. डाव्या हाताचा तळवा नेमका तिथे येतो आणि आवाज गुदमरतो. कंपनीनं पहिल्यांदा काय सांगावं? फोन उजव्या हातात धरा, तुमची पकड चुकते. झालं. टीव्हीवर चार-चार चौकटींत माणसं भांडू लागली, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं मागे पडून पकडीची चित्रं फिरू लागली. मग कंपनी म्हणाली, फोनवर सिग्नलच्या रेघा दाखवण्यातच थोडी गफलत आहे, बाकी सगळे फोन असेच असतात. मग म्हणाली, हवं तर रबरी कव्हर फुकट देतो. चुकलं, एवढा तीन अक्षरी शब्द मात्र त्या लांबलचक निवेदनांत मला कुठे सापडला नाही.

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात, कडुनिंबाखाली, हाच विषय. साळवेसर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले; ते कंपनीच्या बाजूचे. म्हणाले, "हात आड आला की लहरी अडणारच. पकड बदलली की काम झालं. उगाच नाचता येईना अंगण वाकडं." त्यावर कॉलेजातली एक पोरगी फटकन बोलली, "सर, मग जाहिरातीतल्या बाईनं तो डाव्याच हातात का धरलाय?" सर चष्मा पुसू लागले. राहुरीकडच्या मळ्यातून आलेले दावीदमामा खिशातला बटणांचा फोन काढून म्हणाले, "ह्यो माजा डबडा. दोनदा हिरीत पडला, पन बोलायचं सोडलं न्हाई." सगळे हसले. मीही हसले असेन. पण सरांची ती म्हण माझ्या मनात काट्यासारखी रुतून बसली. नाचता येईना अंगण वाकडं! जन्मभर मी ही म्हण फळ्यावर लिहिली, अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून घेतला. पण अहो, कधीतरी अंगणही खरोखर वाकडं असतं की. आणि ते ज्यानं बांधलं तोच नाचणाऱ्याच्या पायाकडे बोट दाखवत असतो.

फोन डाव्या हातात का धरला जातो, याचा विचार त्या निवेदन लिहिणाऱ्यानं कधी केला असेल का? आजूबाजूला बघा जरा. एकीचा उजवा हात पिठात असतो, दुसरीचा आमटी ढवळत असतो, तिसरीनं लेकराचं मनगट धरलेलं असतं. राबणाऱ्या माणसाचा उजवा हात मोकळा असतो कधी? सुखदुःखाच्या वार्ता या जगात बहुधा डाव्या हातानंच कानाशी नेल्या जातात. आणि ज्याला एकच हात उरला आहे, त्याचं काय? उजवा हात निजलेला आहे म्हणून जो डाव्या हातावर जगायला नव्यानं शिकतो आहे, त्याला तुम्ही पकड बदल म्हणता? माझा संताप संताप झाला. पण संतापून काय होणार? मी आशिषला फोन करून सांगितलं की हा दोष यंत्राचा आहे, ते कव्हर मागवून घे. तो म्हणाला, "हो मावशी, पेपरात वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. कव्हरसाठी नाव नोंदवलंय, येईल तेव्हा येईल."

यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. ताईचा चारचा फोन पुन्हा येऊ लागला आणि तुटायचा थांबला. पण तिचं बोलणंही थांबलं. मी पाच वाक्यं बोलावीत आणि पलीकडून यावं, "बरंय." मी तिच्या आवडीची जुनी आठवण काढावी आणि तिनं म्हणावं, "हं. ठेवते." लाईन अशी लख्ख की तिच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक मला सावेडीत ऐकू यावी, आणि त्या लख्ख लाईनीवर ताई नाही. रूपालीही एकदा हळूच म्हणाली, "मावशी, त्या आता बोलायचं टाळतात हो." माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. जीभ आखडेल, हे डॉक्टरांचे शब्द कानात घुमू लागले. दुसरा झटका येऊन गेला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, असं तर नसेल? दुसऱ्या दिवशी दुपारीच मी पिशवी भरली आणि श्रीरामपूरची एसटी धरली.

राहुरीपर्यंत मी नुसती पदर पिळत होते. बाहेर उसाचे हिरवे पट्टे पळत होते, रस्त्याच्या कडेला मोळ्यांनी लादलेल्या ट्रॉल्या उभ्या होत्या. शेजारी एक बाई मांडीवर नात घेऊन बसलेली, फोन अर्थातच डाव्या हातात. दोनदा हॅलो हॅलो करून तिनं तो कमरेला खोचला नि मला म्हणाली, "लई जीव खातंय बघा. मान्सं जवळ हुती तवा बरं हुतं." मी मान हलवली. पुढच्या तासाभरात मला काय बघायला मिळणार, हा एकच प्रश्न मी मनात घोळवत होते.

घराचं दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थिजले. ताई खुर्चीत पुढे वाकलेली, डोकं थेट मांडीवर. गेली, असंच वाटलं मला. मी धावत जाऊन तिला खांद्याला धरलं तर तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसली. तिच्या मांडीवर तिचा निजलेला उजवा हात होता, आणि त्या हाताला फोन बांधलेला होता. शाळेतल्या मुलींच्या वेणीला असते तशी लाल रिबीन, मनगटाला चार वेढे, टोक दातांनी ओढून आवळलेलं. हात वर उचलत नव्हता म्हणून ती कानच खाली नेत होती. मला फोन लावत होती ती. चार वाजले होते ना.

मी गाठ सोडू लागले. मनगटावर रिबिनीचे वळ उठले होते आणि तिला त्यांची जाणीवही नव्हती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हे कशाला, असं विचारलं तर ती एकेक शब्द वेचून सांगू लागली. "पेपरात... आलंय. उजव्या हातात... धरा. मग... तुटत नाही. पण मान... दुखते. म्हणून... थोडंच बोलते." मग म्हणाली, "आधी वाटायचं... तूच... ठेवतेस. मी हळू... बोलते ना. लोक... कंटाळतात." कंपनीची चूक आपल्या अंगावर घेऊन ही बाई इतके दिवस मांडीशी वाकून बसत होती, आणि ती चूक आपली निघाली याचा तिला आनंद झाला होता, कारण मग ती माझी नव्हती.

मी तिच्या पायाशी बसले. तिचा हात हातात घेऊन म्हटलं, ताई, त्या दिवशी तू एका भीतीचं सांगत होतीस, ते अर्धंच राहिलं, आता सांग, मी कुठेही जात नाही. तिनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाली, "सगळं... सांगितलं की. बराच वेळ... बोलत होते. तू... हं सुद्धा... म्हणाली नाहीस."

मला काही क्षण कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा अंगावर काटा आला. फोन तिच्या पहिल्याच वाक्यात तुटला होता. मी इकडे त्या ध्वनिमुद्रित बाईशी झगडत होते तेव्हा तिकडे ताई, फोन कानाशी धरून, आपल्या मनातली सर्वांत खोल गोष्ट, महत्प्रयासानं, शब्द शब्द उपसून, एका मेलेल्या यंत्राला सांगत होती. आणि जी शांतता मला इकडे ऐकू आली तीच तिलाही तिकडे ऐकू आली होती. फक्त तिच्या कानी ती माझी शांतता होती. मी तिला परोपरीनं समजावलं, विनवलं. तिला पटलंही. पण तिनं मान हलवली. "एकदाच... जमलं गं," म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून डावा हात फिरवत राहिली.

ते फुकटचं कव्हर पुढे आलं. काळं, रबरी, बरं आहे. टीव्हीवरची भांडणं केव्हाच दुसऱ्या विषयाकडे वळली. साळवेसर परवा म्हणाले, मिटलं ना शेवटी? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता पुन्हा चार वाजतात, आल्याचा गंध दरवळतो, काच कानाशी कोमट होते. ताई डाव्या हातात फोन धरून बोलते, पूर्वीपेक्षा पुष्कळ बोलते. दोन शब्दांच्या मध्ये ती अडते, शोधते, थांबते, आणि ती शांतता तुटलेल्या फोनची की अडलेल्या जिभेची, हे मला अजूनही ओळखता येत नाही. म्हणून मी हं म्हणते. तिच्या प्रत्येक शब्दाला हं, प्रत्येक थांब्याला हं, लाईन गेल्याची शंका आली तरी त्या पोकळीतही हं. चहा गार होतो, होऊ दे. न जाणो, एखाद्या दुपारी ते वाक्य पुन्हा सुरू व्हायचं आणि माझा हुंकार नाही म्हणून तिथेच थांबायचं.