मोठ्या बाईंचा कान

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीइतकं हळू बोलणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. आमच्याकडे शेजारी वाटीभर साखर मागायची तरी आवाज चार घरं ओलांडून जातो. आणि ह्या बाई लग्नघरात, भाजीबाजारात, एवढंच काय मोबाइलवरसुद्धा कुजबुजतात. घरात सगळे त्यांना मोठी बाई म्हणतात, म्हणून मी मोठ्या बाई म्हणतो. सोयरीक जुळल्यावर पहिल्यांदा त्यांचा फोन आला, तेव्हा माझ्या आईला वाटलं की पाहुणीचा घसा बसलाय. तिनं लगोलग ज्येष्ठमधाची पुडी पाठवून दिली. घसा ठणठणीत होता. मोठ्या बाई मेळघाटात गाइड होत्या, लोकांना जंगल दाखवायच्या, आणि जंगलात लागलेली कुजबुजण्याची सवय घरी येताना उतरवून ठेवायचं त्यांना कधी सुचलंच नाही.

त्यांच्या वडिलांचा भातकुलीजवळ भाजीचा आणि झेंडूचा मळा. मोठ्या बाई शिकल्या आणि नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात लागल्या. काम काय, तर समोरून सरकणाऱ्या कापडातले दोष हुडकायचे. एकदा तिथल्या बायकांची सहल मेळघाटात गेली. बाकीच्या बायका परत आल्या; मोठ्या बाई तशा आल्याच नाहीत, म्हणजे देहानं आल्या, पण काही महिन्यांतच नोकरी सोडून पुन्हा तिकडे गेल्या. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं म्हणे, की वाघ पगार वेळेवर देतो का. हा प्रश्न ते पुढे बरीच वर्षं दर दिवाळीला विचारत राहिले.

त्यांच्याकडे रंगीत लुगडं नाही. वाळलेल्या सागाच्या पानाचा, मातीचा, फार तर शेवाळाचा रंग. माझ्या लग्नात त्या अशाच साडीत वावरत होत्या, आणि आमच्याकडच्या एका काकूंनी बायकोच्या घरी काही वाईट घडलं का अशी हळूच चौकशी केली. त्याच लग्नाचे फोटो काढायचं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. फोटो पुष्कळ निघाले. एकातही कोणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, कारण माणसानं नैसर्गिक वागलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. सासूबाई पाठ खाजवताहेत, भटजी मोबाइल बघताहेत, मी तोंड भरून जांभई देतोय. खरे देखणे फोटो आहेत ते कार्यालयामागच्या कडुनिंबावर बसलेल्या पिंगळ्याच्या जोडीचे. मी कधीतरी भीत भीत तक्रार केली. "तुमचे फोटो काढाले कोनीबी भेटते, बुवा," त्या कुजबुजल्या, "त्यायचे कोन काढते?"

वाघ बघायला आलेल्या लोकांचं आणि त्यांचं फारसं पटत नसे. जीप अचानक थांबवायच्या, सगळे सरसावून बसायचे, आणि मोठ्या बाई शेणाचा गोळा ढकलणारा किडा दाखवायच्या. एकदा अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं चिडून विचारलं की सकाळपासून फिरतोय, वाघ आहे तरी कुठे. त्या म्हणाल्या, "तो आपल्याले पाहून राहिला असन. त्याचा तरी दिवस चांगला जाऊ द्या." व्यापारी पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि त्यानं मोठ्या बाईंचीच जीप मागितली, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं.

पण लोक खरे यायचे ते त्यांच्या कानासाठी. पुण्या-नागपूरचे पक्षी बघणारे महागड्या दुर्बिणी गळ्यात घालून यायचे आणि मोठ्या बाईंच्या मानेकडे बघत बसायचे; ती मान जिकडे वळेल तिकडे दुर्बिणी वळायच्या. ह्या कानाचा नातेवाइकांना मात्र जाच होता. अकोल्याला आमच्या घरी चहा घेताना त्या माझ्या आईच्या गुडघ्यांची विचारपूस सुरू करायच्या आणि मधेच बोट वर करून गप्प व्हायच्या. रस्त्यावर ऑटोंचा कलकलाट चाललेला, आणि ह्यांना त्यातून शिक्रा ऐकू आलेला. गुडघे राहून जायचे.

चारेक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही दोघं मेळघाटात गेलो होतो. त्या सकाळी मोठ्या बाईंसोबत अकोल्याच्या एका शाळेतल्या मुली होत्या. आम्हीही त्यांच्या मागोमाग चालत होतो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे बारीक ची-ची कोण करून राहिलं?" मोठ्या बाई थांबल्या. मान वळली नाही. आम्हां सगळ्यांना तो आवाज स्पष्ट येत होता, अगदी डोक्यावरच्या फांदीतून. त्यांनी मागच्या जीपच्या ड्रायव्हरला इंजिन बंद करायची खूण केली. त्यानं ते बंदच आहे अशी उलट खूण केली. मोठ्या बाईंनी एकेका मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग वर फांदीकडे. पानांत हिरवेपिवळे चिमुकले पक्षी इकडून तिकडे उड्या मारत होते, चोची उघडत मिटत होते. "चष्मेवाला," त्या म्हणाल्या. "डोळ्याभोवती पांढरं कडं पाहा." मुलींनी पाहिलं आणि पुढे निघाल्या. माझी बायको तेवढी जागेवर उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात मीच त्यांना अकोल्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सांगितलं की वयानं बारीक, उंच आवाज आधी जातात, बोलणं वगैरे नीट ऐकू येत राहील, काळजीचं कारण नाही. मोठ्या बाईंनी विचारलं की आता काय काय जाईल. डॉक्टरांना माणसांच्या आवाजांचं सांगता येत होतं, पाखरांचं नाही. यंत्र घेतलं, त्यात जंगल पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटायचं आणि वाळल्या पानावर पडलेलं स्वतःचं पाऊल सगळ्यांत मोठं. महिनाभर लावून त्यांनी ते काढून ठेवलं.

मग त्यांनी सगळ्या गाइडांना स्वतःच सांगून टाकलं आणि पक्षी बघणाऱ्यांच्या फेऱ्या सोडल्या. ह्यावरून दोघी बहिणींचं कडाक्याचं भांडण झालं. बायकोचं म्हणणं, डोळे शाबूत आहेत, निम्मे आवाज अजून येतात, कोणाला कळलं असतं? पाहुणे तर तुझ्याच नावावर येतात.

"मले मालूम हाय ना," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या दिवसापुरतं तरी भांडण तिथेच संपलं.

आता त्या अकोला-अमरावतीकडच्या शाळाशाळांतून हिंडतात. फोटो दाखवतात आणि पोरांना शाळेमागच्या बाभळींत नेऊन बसवतात. काय ऐकू येतं ते मुलांनी सांगायचं, आणि कशासारखं तेही. कोणी म्हणतं, मोटारपंपाचा पट्टा घासल्यासारखं. कोणी म्हणतं, आजीच्या बांगड्या. त्यावरून त्या पक्षी ओळखतात. पुष्कळदा चुकतात, आणि पोट्टे चूक पकडतात तेव्हा त्यांना मनापासून हसू येतं. हसणं खरं असावं. मी फार खोलात गेलो नाही.

गेल्या माघात त्या दोन दिवस आमच्याकडे होत्या. सकाळी गच्चीवर मी पेपर वाचत होतो, त्या चहा घेत होत्या. शेजारच्यांचा शेवगा फुलला होता, आणि त्यावर निळाकाळा शिंजीर चोच वर करून बसला होता. त्याचा गळा थरथरत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "बुवा, बोलून राहिला का तो?"

मी पेपर खाली ठेवला. हो म्हटलं.

"कसा?"

इतकी वर्षं त्यांच्यासोबत हिंडून मी एकही पाखरू नीट ऐकलं नव्हतं. तरी सांगितलं. आधी म्हटलं सायकलची चेन कोरडी पडल्यासारखा, मग म्हटलं तसा नाही, पाटीवर पेन्सिल भराभर चालवावी तसा, पण गोड. त्या शिंजिराकडे बघत ऐकत होत्या.

"असा कोनताच पक्षी बोलत नाही, बुवा," त्या म्हणाल्या.  मग चहाचा कप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "पन सांगा अजून."