अर्धा कोयता

आमच्या नवापूरच्या डोंगरपट्ट्यातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता म्हणतो, आणि अर्धा कोयता त्याला नको असतो.

निघण्याआधीच्या रविवारी चर्चच्या उपासनेत पाळक या जोडप्यांना पुढे बोलावतात आणि मंडळीतली वडीलधारी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात.

मी नंदुरबारला पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात एवढं शिकणारा मी पहिला, आणि त्यामागे ऊस तोडून घट्टे पडलेले दादाचे हात होते. त्या वर्षी आईचा पाय मोडला. तिचं करायला घरी कुणीतरी हवं म्हणून बाबांनी वहिनीला ठेवून घ्यायचं ठरवलं. वहिनीने आईसाठी आपल्या बहिणीला बोलावते म्हणून सांगून पाहिलं.

"बाबा, त्यांना एकट्याला पाठवू नका," ती म्हणाली.

"तो काय पाळण्यातलं पोर आहे?" बाबा हसले. "देव आहे ना त्याच्यासोबत."

बाबा मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक होते. दारू नको, जुगार नको, हे ते घरोघरी जाऊन सांगत. त्यांचा शब्द कुणी मोडला नाही.

मुकादमाने दादाला शेजारच्या पाड्यातल्या एका विधवा बाईशी जोडून दिलं. तीही आमच्याच मंडळीतली, तीही एकटी, म्हणजे अर्धा कोयताच. त्या रविवारी पाळकांनी जोड्या बोलावल्या तेव्हा दादा तिच्यासोबत पुढे जाऊन उभा राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "जोडा शोभतोय हो." लोक हसले, पाळकही हसले. बाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. वहिनी मुलीला कडेवर घेऊन बायकांच्या बाजूला होती. तिनेही आमेन म्हटलं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. कामापुरती जोडी, असंच सगळे समजून होते.

उसाच्या फडात मात्र दिवसभर सोबत, चूल एक आणि दुखलं-खुपलं विचारायला दुसरं माणूस नाही. नाताळला दादा घरी आला आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला उठलाच नाही. वहिनीने कारण विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. पुढे त्याने मंडळीसमोर कबुली दिली. त्या बाईलाही तिथे एकटीने उभं राहावं लागलं. तिच्या डोक्यावर कुणी हात ठेवला नाही. ती माहेरच्या गावी निघून गेली. याची खंत मला आजही वाटते.

वहिनीने माफ केलं. पण पुढच्या हंगामापासून ती दरवर्षी दादासोबत जाऊ लागली आणि मुलगी आजीजवळ वाढली. वहिनी परत आली की पोर आधी आजीच्या मागे लपायची. एकदा मी म्हणालो, "वहिनी, आता तरी विश्वास ठेव."

"माफी मी देवासमोर दिली, भाऊ," ती म्हणाली. "विश्वास कुठून आणू? तो काय प्रार्थनेत मागून मिळतो?"

आता मंडळीत लग्न ठरलेल्या जोडप्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आणि माझ्या बायकोकडे आहे. विश्वासूपणावर मी बरंच बोलू शकतो. तरी पहिलं मी एवढंच सांगतो, की एकमेकांना लांब ठेवून कमावू नका, आणि घरच्यांनी तसं ठरवलं तर नाही म्हणा.

दादाची मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्यासाठी दोघंही घरीच राहिली. दादाने विसरवाडीला एका गोदामात हमाली धरली. पैसे कमी मिळतात, पण दिवेलागणीला तो घरी असतो. वहिनी त्याच्यासमोर भाकरी ठेवते. बोलणं अजून थोडंच होतं.

परवा मी बाबांना विचारलं, हे गोदाम कधीचं.

"तेव्हाही होतं," ते म्हणाले. "आपण कुणी विचारायला गेलो नाही."