दोन्हीकडून दिसणारे फोटो

छावणीतल्या त्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कीबोर्डला हात लावण्याआधी तो रुमालानं बोटं पुसायचा आणि गिऱ्हाइकाचे घरचे फोटो पडद्यावर आले की मान फिरवायचा. माझ्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह भरला, तेव्हा त्यानं फोटोंचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं आणि बजावलं, "साहेब, आता फोटो दोन्हीकडून दिसतील, पन हायेत एकच. एकीकडचे उडवू नका."

पण एक वस्तू दोनदा ठेवणं आमच्या घराण्याला मानवत नाही. घरी येताच मी एकीकडचे उडवले आणि लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. बायकोला म्हणालो, "त्यानंच घोळ घातला." ती मला घेऊन थेट दुकानात.

"काय हो भाऊ, काम येतं का तुम्हाला?"

त्यानं बोटं पुसली आणि लॅपटॉपमधली कचरापेटी उघडली. फोटो तिथंच होते. शेजारी उडवल्याची वेळ होती, लॅपटॉप आमच्या घरी असतानाची. त्यानं ती वाचली, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

"माझंच चुकलं, ताई. साहेबांना नीट समजावलं नाय."

फोटो परत आले. बायको अजूनही पाहुण्यारावळ्यांना सांगते, "त्याच्याकडं जाऊ नका बरं." आणि मी शेजारी बसून मान डोलावतो.