तिसऱ्या पायरीवरचे पंचेचाळीस

आधी एक सांगून ठेवतो. माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं छातीठोक सांगता येत नाही. मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. मायक्रोमीटर घेऊन दिवसभर पिना आणि बुशिंगं मोजायची, माप बरोबर असेल तरच तक्त्यावर बरोबरची खूण करायची. न मोजता खूण करणाऱ्याला आमच्याकडे उभं करत नसत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ मी स्वतःच, न मोजता केलेल्या खुणांनी घातलेला आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी मूळचा निपाणीचा. बेंगळुरूला नोकरी लागली ती डोक्यामुळे नव्हे, पायांमुळे. आमच्या मोठ्या साहेबांना धावण्याचं वेड, म्हणून कारखान्यात खेळाडू घ्यायचे. अट एकच – पहिलं वर्ष तात्पुरतं, आणि कारखान्यांच्या स्पर्धेत पाच हजार मीटर पूर्ण धावलास तरच कायम. नाहीतर परत निपाणी, आणि सासऱ्यांच्या दुकानात बसणं. नुकतंच लग्न झालं होतं, म्हणजे प्रश्न फक्त पायांचा नव्हता.

आता अशा माणसाने पाय जपावेत की नाही? मी काय केलं... सुमनला, म्हणजे बायकोला, शहर दाखवायच्या ऐवजी आपला वेग दाखवायला निघालो. दोन महिने सराव नाही, अंग गरम केलेलं नाही, पायात कॅनव्हासचे बूट, आणि यशवंतपूरपासून मल्लेश्वरमच्या चढावर भर डांबरी रस्त्यावर धूम ठोकली. ती मागून रिक्षात. डाव्या टाचेच्या वरच्या शिरेत कळ आली तेव्हा मला वाटलं स्नायू तयार होतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावलो, म्हणजे आणखी तयार होईल! आठव्या दिवशी संडासाला जायलाही भिंत धरत होतो.

फिजिओथेरपिस्ट होत्या डॉक्टर वत्सला. मल्लेश्वरममध्ये छोटा दवाखाना, बोलणं हिंदी-इंग्रजी-कन्नड यांची भेळ. त्यांनी माझी शीर चिमटीत धरली, मी ओरडलो, तशा शांतपणे म्हणाल्या, "तुटली नाही. पण अशीच पळवलीत तर तुटेल. मग पाच हजार मीटर विसरा, बससाठीही पळता येणार नाही."

मग टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी दोन सेंटिमीटर बारीक! उपाय अगदी साधा. पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, आणि मग फक्त डाव्या पायावर भार घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवायची. पंधराची एक फेरी, अशा तीन. रविवार सोडून रोज पहाटे पंचेचाळीस. त्यांनी वहीत पट्टीने चौकोन आखून दिले – केलं की खूण.

"बरं वाटलं तरी सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "जखम औषधाने बरी होते. ही शीर कामाने बरी होते. स्पर्धेआधी पुन्हा मोजेन. दोन्ही पोटऱ्या सारख्या असतील तरच फिटनेसची चिठ्ठी."

आम्ही यशवंतपूरला पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली मालकीण गिरिजाक्का – पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर, बोलण्यात निम्मं कन्नड. जिना बाहेरून, दगडी. तिसऱ्या पायरीची फरशी सैल होती, भार पडला की खट्ट वाजायची. सुमनला मी सांगितलं, की पहिल्या पाळीला निघताना त्या पायरीवर पंचेचाळीस मारून जात जाईन.

दोन दिवस मारलेही. म्हणजे... बारानंतर थेट पंधरा म्हणायचो, पण मारले. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला. कोपऱ्यावर नवी दर्शिनी, म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल, निघालं होतं, तिथला खारा भात (नावालाच भात, असतो तिखट उपमा) आणि एकाच्या दोन कपांत मिळणारी बाय-टू कॉफी (दोन्ही अर्धे कप मीच प्यायचो) पायरीपेक्षा बरी वाटली. दर्शिनीत उभ्या उभ्या वहीत खूण करायची आणि कंपनीची बस पकडायची. इन्स्पेक्शनचा माणूस ना मी!

पंधरा दिवसांनी सुमन जेवताना म्हणाली, "अहो, तुमचं कौतुक वाटतंय मला. एक दिवस चुकवत नाही की!"

मला वाटलं, टोमणा. पकडलं आपल्याला. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी गिरिजाक्काने जिन्यात अडवलं. "अण्णा, व्यायाम करा, सरी, चांगलंच आहे. पण स्वल्प हळू मोजा. पहाटे माझी जपमाळ चाललेली असते, आणि तुमचं सत्तावीस-अठ्ठावीस मध्येच कानात शिरतं. माझा जप चुकतोय!"

मी हसलो. दोघींनी संगनमत केलंय म्हटलं.

महिन्याने डॉक्टरांकडे गेलो तो फाशीला निघाल्यासारखा. पोटरी काय खोटं बोलणार होती? डॉक्टरांनी टेप लावला, पुन्हा लावला, वही पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. "एक सेंटिमीटर भरली! मला वाटलं होतं तुम्ही आळशी. माफ करा हं." मग सहा आठवड्यांचं नवं पान आखून दिलं, आता रविवारीसुद्धा.

मी चक्रावलो. पण चक्रावलेला माणूस जितका शहाणा व्हायला हवा, तितका मी झालो नाही. मला वाटलं, माझं शरीरच हुशार आहे. आणि रोज खूण करायचाही आळस म्हणून, त्याच दिवशी परतीच्या बसमध्ये सहाच्या सहा आठवड्यांचे चौकोन एका दमात भरून टाकले.

पहिला रविवार. सुट्टी. मी पांघरुणात, सुमन शेजारी. जेमतेम उजाडत होतं.

खट्ट.

मग थोडं थांबून पुन्हा... खट्ट. आणि आवाज – "तीन... चार..."

सुमनने डोळे उघडले. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "तुम्ही इथं आहात..." ती म्हणाली. "मग ते कोण?"

आवाज माझा होता. टेपरेकॉर्डरवर आपला आवाज ऐकला की कसा ओळखीचा आणि परका वाटतो, तसा. मी ऐकत राहिलो. "बारा..." आणि पुढे – "तेरा. चौदा. पंधरा." तेव्हा मात्र मी उठून बसलो. आवाज माझा असेल, पण हा प्रामाणिकपणा माझा नव्हता.

पंचेचाळीस झाले. शांतता. मी कडी काढून बाहेर गेलो (खरं सांगायचं तर सुमनने ढकललं). जिना रिकामा. फाटकाला आतून कडी. तिसऱ्या पायरीच्या काठावर मात्र ओल्या चवड्यांचे दोन ठसे. डाव्या ठशात मधलं बोट अंगठ्यापेक्षा पुढे, माझं असतं तसंच. मी त्यावर पाय ठेवून पाहिला. बसला. ठसे वाळून गेले.

सुमनला सगळं कबूल करावं लागलं – दर्शिनी, बाय-टू, खुणा, सगळं. मला वाटलं घाबरेल. ती आधी चिडली. "म्हणजे महिनाभर मी कौतुक करत होते ते कुणाचं?"

मी वही तिच्यापुढे सरकवली.

तिनेच युक्ती काढली. बुधवारची खूण ब्लेडने खरवडून चौकोन कोरा केला. बुधवारी पहाटे आम्ही दोघं दाराला कान लावून बसलो. काही नाही. अजिबात काही नाही. निघताना खालून गिरिजाक्का म्हणाली, "काय अण्णा, आज रजा?"

गुरुवारी पुन्हा खट्ट.

सभ्य माणसाने काय केलं असतं? सगळ्या खुणा खरवडल्या असत्या, देवाला नारळ फोडला असता आणि पायरीवर स्वतः उभा राहिला असता. मीही उभा राहणार होतो. पण स्पर्धा तीन आठवड्यांवर होती, आणि मनात आलं – मध्येच बदल केला आणि पोटरी आटली तर? चिठ्ठी गेली, नोकरी गेली. सुमनलाही ते पटलं. फक्त ती रोज पहाटे पायरीवर तांब्याभर पाणी ठेवायला लागली. "कोणी का असेना, दमत असेल की," म्हणाली. तांब्या भरलेलाच राहायचा, एवढं सांगतो.

स्पर्धेआधी डॉक्टरांचा टेप लागला, दोन्ही पोटऱ्या सारख्या. चिठ्ठी मिळाली. स्पर्धेत शेवटच्या दोन फेऱ्यांत मी डावा पाय टाकताना दर वेळी वाट बघत होतो, की आता तुटेल, कारण ही शीर माझी नव्हे, मी कमावलेली नव्हे. तुटली नाही. नववा आलो. बारा जणांत! पण पूर्ण धावलो, आणि कायम झालो.

त्यानंतर डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा माझी डावी पोटरी दाबून पाहिली. "स्नायू काम केल्याशिवाय वाढत नाही. तुम्ही केलंय, आणि विसरलात."

"डॉक्टर, रोज पंचेचाळीस वेळा कोण विसरतं?"

"मग तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. सांगता आलं असतं तर गेलोच नसतो.

कायम झाल्यावर कारखान्याची चाळ मिळाली, तळमजला, एकही पायरी नाही. मी मुद्दाम तीच खोली मागितली. सामान हलवलं आणि त्या पहाटेपासून सगळं शांत झालं. आम्ही सुटलो म्हटलं.

महिन्याभराने यशवंतपूरच्या बाजारात गिरिजाक्का भेटली. कोथिंबीर बाजूला ठेवून तिने सुमनला कडेला घेतलं, पण बोलली मला ऐकू येईल असं. "अक्का, तुम्ही गेलात, वरचं घर अजून रिकामं आहे. तरी पहाटे ते मोजणं चालूच होतं. यजमानांना उठवून दाखवलं, जिन्यावर कोणी नाही, फरशी मात्र हलते. मग एक दिवस आपोआप थांबलं."

"किती दिवस चाललं?" मी विचारलं.

"अकरा. मी जपमाळेचे मणी सरकवून ठेवत होते."

घरी येऊन वही काढली. सामान हलवल्याच्या तारखेनंतर पानावर खुणा किती उरल्या होत्या, ते मी एकदा मोजलं, सुमनने एकदा मोजलं. अकरा.

म्हणजे आम्ही चाळीत निवांत झोपलेलो असताना तो, जो कोणी होता तो, रिकाम्या घराच्या जिन्यावर माझे उरलेले दिवस एकटाच पुरे करत होता. एक न गाळता. तेरा-चौदासकट. यात भीती वाटावी की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर कळवा. अलीकडे उजवा गुडघा धरतो. नव्या फिजिओने नवे व्यायाम दिले आहेत आणि चौकोनांचा तक्ताही. आमच्या घराला आता पुन्हा जिना आहे. तक्ता सुमनने कपाटात कुलूप लावून ठेवलाय. मी आधी तिच्यासमोर सगळे व्यायाम करतो, ती मोजते, आणि मगच पेन हातात देते.