कणकुंबीच्या रानात, नरक्याच्या झाडापाशी

चौथ्या केमोच्या दोन दिवस आधी आक्का म्हणाली, "मी आता जात न्हाय. त्यापरास त्या झाडाचाच काढा पिते." आक्का माझी थोरली बहीण, तिला आतड्याचा कॅन्सर. तिच्या केमोचं औषध नरक्या नावाच्या जंगली झाडापासून निघालं, एवढं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

मी सुनंदाला फोन लावला. निपाणीच्या शाळेतली माझी वर्गमैत्रीण. आता बेळगावात वनस्पतींतल्या औषधी द्रव्यांवर संशोधन करते. ती म्हणाली, "उद्या मी रानात चाललेय. आक्कांना घेऊन ये."

सकाळी निपाणीहून बस धरली. आमचं आधारकार्ड कर्नाटकातलं, त्यामुळे साध्या सरकारी बसला बायकांना तिकीट पडत नाही. बेळगावपर्यंत हमरस्ता झकास. तिथं अनगोळ भागात सुनंदाच्या घरी चहा झाला आणि तिच्या गाडीतून पिरनवाडीवरून जांबोटीकडे निघालो. जाणार असाल तर डबा सोबत घ्या. जांबोटीपुढे खायला फारसं मिळत नाही आणि वळणांवर पोट ढवळतं. पण दोन्ही बाजूंची झाडी अशी दाट, की आक्कानं कित्येक आठवड्यांनी स्वतःहून काच खाली केली.

कणकुंबीच्या पुढे पायवाटेनं दहा मिनिटांवर नरक्याचं झाड. सुनंदाकडे वनखात्याचा परवाना होता. तरी ती मोजकी पानंच खुडते. या झाडाची सालीसाठी चोरटी तोड होते. झाड न तोडता पानांतून किती द्रव्य मिळतं, हे ती शोधतेय. तिची आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. लेक चिखलात गुडघे टेकून एकेका पानावर चिठ्ठी लावत होती. मी बघतच राहिले.

आक्कानं पान चुरगळून हुंगलं. "शी गं! ह्याचं औषध?"

"म्हणून तर नरक्या," सुनंदा हसली.

तेवढ्यात आक्कानं खाली पडलेला सालीचा तुकडा उचलून पदरात घेतला.

"आक्का, ते ठेवा खाली."

"तुमी घेतलं तर औषध, मी घेतलं तर इख व्हय?"

"व्हय. ह्या तुकड्यात द्रव्य किती हाय, ते मलाबी न मोजता सांगता यायचं न्हाय. तुमच्या सलाइनमधलं औषध ह्याच द्रव्यापासून केलंय. पण साफ करून, थोडं बदलून, मोजून."

"तरी लई तरास व्हतो गं. दिसातनं धा-धा येळा जावं लागतंय."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

आक्कानं नकारार्थी मान हलवली. मलाही हे माहीत नव्हतं!

"उद्या आधी हे सांगा," सुनंदा म्हणाली. "त्यावर इलाज असतो."

"मी बरी हुईन?"

"ते मला न्हाय सांगता यायचं, आक्का. खोटं कशाला बोलू?"

आक्कानं साल झाडाच्या बुडाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या दवाखान्यात तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोस आठवडाभर पुढे ढकलला, मात्रा कमी केली, जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. आता सहा डोस झालेत. गाठ लहान झालीय, गेलेली नाही.

कुणी विचारलं, की त्या रानात बघण्यासारखं काय आहे, तर मला धबधबा किंवा डोंगर सांगता येत नाही, आक्काचं बोलणं आठवतं. गेल्या केमोच्या खेपेला शेजारच्या खाटेवरल्या बाईनं बाटलीकडे बघून घाबरत विचारलं, "कसलं हो हे औषध?"

आक्का म्हणाली, "कणकुंबीकडं झाड हाय त्याचं. बघून आलेय मी." मग जरा पुढं वाकून, हळूच, "आणि तरास झाला तर लपवू नका बरं का."