मल्हारगंजात पडलेला बर्फ

नथूकाका उन्हाळ्यात बर्फाचा गोळा विकायचे आणि थंडीत गराडू. गराडू म्हणजे आमच्या माळव्याचा कंद, तळून वर मसाला आणि लिंबू मारून खायचा. त्यांचे वडील महूच्या छावणीत फौजी होते, त्यामुळे काका ठेलासुद्धा परेडला आल्यासारखा सरळ रेषेत उभा करत. बोलणं मात्र फौजी नव्हतं. मी मानपुरात शाळा शिकून इंदुरात नोकरीला आलो, मल्हारगंजात त्यांच्या समोर खोली घेतली, तर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मानपुरात वीज आली का भिया, की मास्तर अजून सूर्याच्याच भरवशावर शिकवतो?"

हसण्यात गयाकाकू सगळ्यांच्या पुढे. त्यांना जुना दमा. हसल्या की खोकला लागायचा आणि खोकला लागला की काका पंप घेऊन धावायचे. "मग हसवता कशाला?" काकू विचारायच्या. दर थंडीत एकदा तरी त्यांना ऑक्सिजन लावायला दवाखान्यात न्यावं लागे. वेळेवर नेलं की चार-दोन दिवसांत बाई परत ओट्यावर. वेळेवर न्यायचं, एवढीच अट होती.

त्या जानेवारीत पारा पाचाच्या आसपास उतरला. थंडी होतीच, नाही कोण म्हणतं. पण इंदूरकरांना ती अंगाला लागायच्या आधी मोबाइलवर लागली. 'कोल्ड अटॅक.' 'हड्डियाँ जमा देने वाली रात.' विजय नगरच्या आमच्या ऑफिसात, जिथं बारा महिने एसी चालतो, लोक माकडटोप्या घालून कीबोर्ड बडवू लागले. शाळा बंद झाल्या. दुकानांतले हीटर संपले. औषधवाल्याकडे गरम पाण्याच्या पिशवीवरून दोन सभ्य गृहस्थ भांडले, आणि त्या भांडणाचाही व्हिडिओ आला.

अशातच मोबाइलवरच्या एका चॅनेलचा पोरगेला वार्ताहर हृषीकेश सकाळी गल्लीत आला.

"काका, इथं कुठं बर्फ जमलाय का? आमचे साहेब म्हणतात, पारा एवढा खाली आहे म्हणजे कुठंतरी जमलाच असणार."

काकांकडे एका लग्नाच्या ऑर्डरची बर्फाची लादी होती, भुशात गुंडाळलेली. त्यांनी पोराला खालून वर पाहिलं. "किती हवा तुला?"

मग गोळ्यासाठी घासतात तसा त्यांनी रंध्यावर बर्फ घासला आणि दारातल्या स्कूटरवर, ओट्यावर, शेजारच्या पत्र्यावर भुरभुरवला. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"लोकांना खरं वाटेल हो."

"इंदूरचे लोक आहेत, गया. गोळा खाऊन मोठे झालेत. रंध्याचा बर्फ ओळखणार नाहीत होय?"

इथं काका चुकले. हृषीकेशही हसत हसतच शूट करत होता. पण संध्याकाळी बातमी आली तेव्हा हसणं तेवढं कापलेलं होतं. 'मल्हारगंज में बर्फबारी, इंदौर बना शिमला.'

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. जी माणसं आठवडाभर थंडीच्या भीतीनं घरात बसली होती, ती पोरांना स्वेटरवर स्वेटर चढवून बर्फ बघायला बाहेर पडली होती. मोटारी गल्लीच्या तोंडाशी वाटेल तशा सोडलेल्या. बर्फ कुठंच नव्हता, तरी कुणी परत जाईना. "धूप में पिघल गया होगा," असं एक दुसऱ्याला समजावत होता. काका गराडू तळता तळता सांगत होते, "अहो, मी घासला होता." लोक हसून आणखी एक प्लेट मागत.

मग कुणीतरी शेकोटी पेटवली. चॅनेलवर आठवडाभर शेकोट्याच दाखवत होते, तर आपलाही एक फोटो असावा. पुठ्ठे, फळ्या, आणि धग टिकावी म्हणून जुना टायर. काळा धूर त्या अरुंद गल्लीत शिरला आणि घराघरात भरला.

काकूंना धाप लागली. पंप मारला, पुन्हा मारला. ओठ निळे दिसू लागले तशी त्यांच्या मुलीनं, कीर्तीनं, अॅम्ब्युलन्स बोलावली. ती लवकर आलीही, पण मोटारींच्या मागे अडकून सायरन वाजवत उभी राहिली. गर्दीला वाटलं, कुणीतरी थंडीनं गारठून पडलं. सगळे मोबाइल उंच धरून पुढे सरकले. होती नव्हती तेवढी वाटही बुजली.

काकांनी ठेल्यावरची कढई उतरवली, गोधडी टाकली आणि काकूंना बसवलं. कीर्तीनं मागून त्यांना धरलं. मी पुढून ओढत होतो, काका ढकलत होते. "रस्ता द्या. बर्फ नाही इथं. मी घासला होता, मी."

एकानं त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरला. "काका, एक बार फिर से बोलना."

काकूंनी हात हलवून खूण केली, ओरडू नका. टायर जळत होता तिथूनच पुढे जायचं होतं. दुसरा रस्ता नव्हता.

अॅम्ब्युलन्समध्ये मास्क लावला, पण मोटारींतून गाडी मागे निघेना. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी चॅनेलवर ठेल्यावरच्या काकू दिसल्या. 'इंदौर में ठंड से पहली मौत.'

हृषीकेश आला. कॅमेरा न घेता दारातच उभा राहिला.

"मी काय केलं ते दाखव," काका म्हणाले. "बर्फ मी घासला. ती धुरानं गेली. रस्ता मिळाला नाही. एवढं दाखव."

"मी सांगितलं साहेबांना. ते म्हणतात, आता मागे घेता येत नाही."

जलदानविधीला महूचे नातेवाईक आले. वंदना झाली. मग एकेक जण काकांच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणू लागला, "थंडीच तशी होती, नथू. तू काय करणार?" काका प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत. ऐकणारा मान हलवी आणि हळूच कीर्तीकडे बघे, बाप दुःखात काहीतरी बरळतोय अशा नजरेनं. एक म्हातारे नातलग तर समजावू लागले, "अरे, आम्ही डोळ्यांनी बघितला ना बर्फ, मोबाइलवर."

पुढे महिनाभर ते भेटेल त्याला सांगत राहिले. लोक प्रेमानं ऐकायचे, पाठीवर हात फिरवायचे, आणि त्यांना सोडून द्यायचे. कुणी एकदाही दोष दिला नाही.

परवा नाशिकहून कुणा नातलगाचा फोन आला, फार उशिरा कळलं म्हणून. मी तिथंच बसलो होतो. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. काका ऐकत होते. त्यांनी सुरुवात करायला तोंड उघडलं, थांबले.

"हो," ते म्हणाले. "थंडी फार होती."